प्रशिक्षकांचं प्रशिक्षण: सिएटलच्या लिट्ल लीगमधलं एक प्रकरण

क्रीडा मानसशास्त्र म्हटलं की आपल्याला लगेच ऑलिंपिकच्या तोंडावर आलेला नेमबाज किंवा विश्वचषकाच्या अंतिम सामन्याआधीचा फलंदाज आठवतो. एक खेळाडू, एक तज्ज्ञ आणि लावून घेतलेलं दार. इथे मांडलेलं प्रकरण उघड्या मैदानावरचं आहे. त्यातली मुलं शाळकरी होती आणि मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्यापैकी एकालाही समुपदेशनासाठी समोर बसवलं नाही. तरी त्यांची सामन्याची धास्ती कमी झाली, स्वतःविषयीचं मत सुधारलं आणि खेळ सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण घसरलं. बदलले होते ते त्यांचे प्रशिक्षक.

हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. दहा-बारा वर्षांचं मूल सामन्याच्या दिवशी पोट दुखतं म्हणायला लागतं, आदल्या रात्री जागं राहतं, एक झेल सुटला की रडवेलं होतं, तेव्हा आपण त्या मुलालाच कणखर बनवायच्या मागे लागतो. श्वासाचे व्यायाम शिकवतो, यूट्यूबवरची प्रेरणादायी भाषणं ऐकवतो. ज्या मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते मूल घाबरतं, ती माणसं मात्र होती तशीच राहतात. अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सुरुवातच त्या मोठ्या माणसांपासून केली.

रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल हे ते दोघे, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधले. त्यांचं काम १९७०च्या दशकात सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने तीसहून अधिक वर्षं चालू राहिलं.

मैदान आणि माणसं

लिट्ल लीग ही मुलांच्या बेसबॉलची संघटना १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केली. पुढे ती अमेरिकाभर पसरली. तिचा सगळा डोलारा स्वयंसेवकांवर उभा असतो. संघाचे प्रशिक्षक म्हणजे पुष्कळदा संघातल्याच कुणाचे तरी वडील, दिवसभराची नोकरी आटपून संध्याकाळी मैदानावर येणारे. मुलांना कसं शिकवायचं याचं शिक्षण बहुतेकांनी घेतलेलं नसतं. लहानपणी आपल्याला जसं शिकवलं गेलं तसं ते शिकवतात, नाहीतर टीव्हीवर व्यावसायिक संघांचे प्रशिक्षक जसे वागताना दिसतात तसे वागतात.

लहान मुलांनी इतक्या चढाओढीने खेळावं का, यावर त्या काळी अमेरिकेत जोरात वाद चालू होता. एका बाजूचं म्हणणं, या लीगमुळे मुलांवर नको तेवढा ताण येतो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खेळाने चारित्र्य घडतं. मतं दोन्हीकडे भरपूर होती, मोजमाप फारसं कुणाकडे नव्हतं. प्रशिक्षक मैदानावर प्रत्यक्षात काय बोलतात, काय करतात, किती वेळा करतात आणि मुलाला त्यातलं काय लक्षात राहतं, हे आधी नीट पाहिलं पाहिजे असं स्मिथ आणि स्मोल यांनी ठरवलं. मला या कामातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच वाटतो. उपाय काय करायचा हे ठरवण्याआधी त्यांनी कित्येक सामने नुसते पाहिले.

बारा प्रकार

निरीक्षक टेपरेकॉर्डर घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि खेळाऐवजी प्रशिक्षकाच्या वागण्याचं धावतं वर्णन करायचे. त्या वर्णनांतून प्रशिक्षकाच्या वागण्याचे बारा प्रकार निघाले. ही मोजणीची पद्धत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली.

ती कशी चालते हे एका क्षणावरून पाहू. समजा, शॉर्टस्टॉपच्या जागी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, दहा वर्षांचा मुलगा उभा आहे. सरपटत आलेला चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून निघून मागे जातो. समोरच्या संघाला एक धाव मिळते. मुलगा डगआऊटकडे, म्हणजे संघाच्या बसायच्या जागेकडे बघतो. आता प्रशिक्षक म्हणू शकतो, "असू दे, पुढचा तुझा!" हे चुकीनंतरचं प्रोत्साहन. तो म्हणू शकतो, "आधी गुडघे वाकव, ग्लव्ह जमिनीला टेकव." ही चुकीनंतरची तांत्रिक सूचना. "झोपलास का?" असं ओरडणं किंवा हात झटकून पाठ फिरवणं, ही शिक्षा. "ग्लव्ह खाली ठेव म्हणून किती वेळा सांगायचं तुला!" हा वेगळा प्रकार: त्यात सूचना आहे, पण ती डंख मारत येते. आणि काहीच न करणं, म्हणजे चुकीकडे दुर्लक्ष. एका चुकीला पाच वाटा फुटतात, आणि प्रशिक्षक त्यातली एक पाव सेकंदात, विचार न करता निवडतो.

चांगला खेळ झाला तर दोन शक्यता: शाबासकी मिळते किंवा मिळत नाही. हा दुसरा प्रकार स्वतंत्र मोजायची कल्पना मला फार आवडते. मुलाने जिवाच्या आकांताने धावून चेंडू अडवला आणि प्रशिक्षक हातातल्या वहीत काही लिहीत राहिला, तर बाहेरून पाहणाऱ्याला तिथे काहीच घडलेलं दिसत नाही. त्या मुलाच्या दृष्टीने मात्र बरंच घडलेलं असतं. बाकीचे प्रकार म्हणजे दंगा आवरणं, सर्वसाधारण सूचना, सर्वसाधारण प्रोत्साहन, कोण कुठे उभं राहणार वगैरे व्यवस्था आणि खेळाबाहेरच्या गप्पा.

या पद्धतीने ५१ प्रशिक्षकांच्या २०२ सामन्यांची नोंद झाली. एकूण ५७,२१३ वागणुका मोजल्या गेल्या, म्हणजे माणशी अकराशेच्या वर. हंगाम संपल्यावर संशोधकांचे सहायक ५४२ मुलांच्या घरी गेले आणि त्यांच्याशी एकेकट्याने बोलले. तुमचे प्रशिक्षक अमुक गोष्ट किती वेळा करायचे? ते तुम्हाला आवडायचे का? पुढच्या वर्षी त्यांच्याच हाताखाली खेळाल का? आणि प्रशिक्षकांनाही विचारलं, या बारा गोष्टी तुम्ही स्वतः किती वेळा करता?

मुलांना माहीत होतं, प्रशिक्षकांना नव्हतं

१९७८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली गोष्ट दिलासा देणारी होती: प्रशिक्षक राक्षस नव्हते. त्यांच्या वागण्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शाबासकी, सूचना आणि प्रोत्साहन यांनी भरलेला होता. ओरडणं, टोचून बोलणं अगदी थोडं होतं. पण जे थोडं होतं त्याचा मुलांच्या नावडीशी घट्ट संबंध होता. ज्यांच्याकडून शाबासकी आणि चुकीनंतर धीर मिळाला ते प्रशिक्षक मुलांना आवडले, त्यांचा संघही आवडला, खेळही आवडला.

दुसरी गोष्ट या प्रकरणाचा गाभा आहे. प्रशिक्षकाने स्वतःबद्दल सांगितलेलं आणि निरीक्षकांनी प्रत्यक्ष मोजलेलं यांचा मेळ जवळजवळ बसत नव्हता. अपवाद एकच, शिक्षेचा. आपण मुलांवर किती ओरडतो याचा प्रशिक्षकांना थोडाफार अंदाज होता, बाकी कशाचा नाही. मुलांनी सांगितलेलं मात्र निरीक्षकांच्या नोंदींशी त्याहून चांगलं जुळत होतं. प्रशिक्षक खोटं बोलत होते असा याचा अर्थ मुळीच नाही. सामना चालू असताना माणसाचं लक्ष धावफलकावर, पुढच्या बॅटरवर, बदली खेळाडूवर असतं. आपल्या तोंडून काय गेलं ते आपल्याला ऐकू येत नाही. मुलांना ते येतं, कारण त्यांचं अर्धं लक्ष आपल्याकडेच असतं.

जिंकण्या-हरण्याचा आणि प्रशिक्षक आवडण्याचा संबंध सापडला नाही. भरपूर जिंकणाऱ्या संघातल्या मुलांना आपला प्रशिक्षक जास्त आवडत होता असं काही दिसलं नाही. पण जिंकणाऱ्या संघातल्या मुलांना असं वाटत होतं की आपल्या आई-वडिलांना प्रशिक्षक जास्त आवडतात, आणि प्रशिक्षकांना आपण जास्त आवडतो. जिंकणं मोठ्यांना किती महत्त्वाचं वाटतं, हे मुलांनी बरोबर ओळखलं होतं.

ज्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं होतं त्यांच्यात प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणाम सर्वांत तीव्र दिसला. शाबासकी देणारा, धीर देणारा प्रशिक्षक मिळाला तर ती त्याच्यावर जीव टाकत, आणि कोरडा मिळाला तर सर्वांत जास्त दुखावली जात. स्वतःची खात्री असलेलं मूल कोरड्या प्रशिक्षकाच्या हाताखालीही एक हंगाम निभावून नेतं. एरवी आपण नेमकं उलट करतो. जे मूल चांगलं खेळतं, ज्याला आत्मविश्वास आहे, त्याच्याभोवती कौतुक गोळा होतं. शेवटच्या क्रमांकावर फलंदाजीला येणाऱ्या, सीमारेषेवर उभ्या केलेल्या मुलाशी तासन् तास कुणी बोलतही नाही.

दोन-अडीच तासांचं सत्र

एवढं हाताशी आल्यावर त्यांनी प्रशिक्षकांसाठी कार्यक्रम तयार केला. १९७९ मध्ये त्याची पहिली परीक्षा प्रसिद्ध झाली. ३१ प्रशिक्षक घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून १८ जणांना हंगामाआधी प्रशिक्षण दिलं, १३ जणांना दिलं नाही. सत्र साधारण दोन-अडीच तासांचं.

मोठ्या माणसाला 'तुमचं वागणं बदला' असं सांगितलं की तो आधी हाताची घडी घालतो. म्हणून स्मिथ आणि स्मोल यांनी सुरुवात उपदेशाने केली नाही. आधीच्या अभ्यासात मुलांनी काय सांगितलं ते त्यांनी प्रशिक्षकांसमोर ठेवलं. मग काय करावं आणि काय टाळावं हे अगदी नेमकं सांगितलं, काही प्रसंग करून दाखवले आणि हातात एक छापील पुस्तिका दिली.

सांगितलेल्या गोष्टी ऐकायला सोप्या आहेत. प्रयत्न दिसला की तिथल्या तिथे दाद द्या, निकाल लागेपर्यंत थांबू नका. मुलाच्या प्रयत्नावर त्याचा ताबा असतो, निकालावर पूर्णपणे नसतो. चूक झाली की लगेच धीर द्या, कारण त्या क्षणी त्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते. कसं करायचं ते मुलाला ठाऊक असेल तर सूचना देऊही नका, नुसता धीर पुरे. ठाऊक नसेल तर सूचना द्या, पण तिच्या आधी काहीतरी खरं चांगलं सांगा आणि शेवटीही उभारी द्या. "चेंडूकडे छान धावलास. आता गुडघे वाकवून ग्लव्ह खाली ठेवलास की तो हातात बसेल. जमेल तुला." याला ते सँडविच म्हणत. मधला भाग महत्त्वाचा, पण तो तेवढाच दिला तर मुलाच्या घशाखाली उतरत नाही.

शिस्तीबद्दलचा भाग मला विशेष मोलाचा वाटतो. 'सकारात्मक' शब्द ऐकला की पुष्कळ प्रशिक्षकांना वाटतं, आता मुलं डोक्यावर बसणार. या कार्यक्रमात शिस्त होती. नियम हंगामाच्या सुरुवातीला मुलांना बरोबर घेऊन ठरवायचे. नियम मोडला तर काय होईल हेही तेव्हाच ठरवायचं, आणि वेळ आली की न चिडता, भाषण न देता ते अमलात आणायचं. मात्र पळणं, जोर काढणं यांचा शिक्षा म्हणून वापर करायचा नाही. आपल्याकडे 'मैदानाला पाच राउंड मार' हे वाक्य इतकं सरावाचं झालं आहे की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. पण धावण्याचा व्यायाम आपणच शिक्षा म्हणून वापरला, तर ते मूल पुढे आपण होऊन आनंदाने कसं धावेल?

जिंकण्याविषयीची भूमिकाही स्पष्ट होती. जिंकायचा पूर्ण प्रयत्न करायचा, त्यात काही कमी ठेवायची नाही. पण यश म्हणजे तो प्रयत्न. सामना हरणं आणि अपयशी ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा विचार अमेरिकेतले नावाजलेले बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या शिकवणीशी जुळणारा होता, आणि त्यांचं नाव घेतलं की मैदानावरची माणसं कान देत.

सत्र संपलं तरी काम संपत नव्हतं. हंगामाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत निरीक्षक या प्रशिक्षकांचे सामने पाहायला गेले आणि कोणती गोष्ट किती वेळा केली याचा तक्ता त्यांना दिला. शिवाय प्रशिक्षकांना एक छोटा फॉर्म दिलेला होता. सामना संपला की तो स्वतः भरायचा. चांगल्या खेळाला आज किती वेळा दाद दिली, चूक झाल्यावर किती वेळा धीर दिला, आणि कितीदा तोंडातून कडू शब्द गेला. यात कुणी गुण देत नव्हतं, कुणी नापास करत नव्हतं. पण ज्या गोष्टीची आपल्याला जाणीवच नाही ती बदलणार कशी, आणि प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याची जाणीव नसते हे तर आकड्यांनी आधीच दाखवलं होतं. या प्रकरणातलं मानसशास्त्र कुठे आहे असं मला कुणी विचारलं, तर मी व्याख्यानाऐवजी त्या कागदाकडे बोट दाखवीन.

काय बदललं

प्रशिक्षण घेतलेल्यांचं वागणं खरोखर बदललं. निरीक्षकांच्या नोंदींत त्यांच्या शाबासक्या स्पष्टपणे जास्त होत्या. हंगामानंतर ३२५ मुलांशी बोलल्यावर दिसलं की या प्रशिक्षकांच्या मुलांना ते जास्त आवडले होते आणि जास्त चांगले शिक्षकही वाटले होते. संघातले सवंगडी एकमेकांना जास्त आवडू लागले होते. प्रशिक्षक एकेका मुलाशी कसा वागतो याचा परिणाम मुलांच्या आपापसांतल्या नात्यावर होतो, ही गोष्ट संघबांधणीच्या नावाखाली सहली काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. स्वतःबद्दलचं कमी मत असलेल्या मुलांमध्ये फरक सर्वांत ठळक होता. आणि दोन्ही गटांतल्या संघांच्या जय-पराजयात फरक नव्हता. म्हणजे मुलं खूश झाली ती जास्त सामने जिंकल्यामुळे नाही, आणि मवाळ वागल्यामुळे संघ हरायलाही लागले नाहीत.

सर्वांत बोलका आकडा पुढे १९९२ मध्ये आला. बार्नेट, स्मोल आणि स्मिथ यांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांच्या संघांत पाहिलं की पुढच्या हंगामात किती जण परत येतात. प्रशिक्षण न घेतलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतली २६ टक्के मुलं परत आली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांत ते प्रमाण ५ टक्के होतं. हरण्यामुळे मुलं सोडून गेली असंही म्हणता येत नव्हतं. १९९३ आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निबंधांत स्वतःबद्दलचं मत सुधारल्याचं आणि सामन्याची धास्ती कमी झाल्याचं दिसलं.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. १९९२च्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेले प्रशिक्षक फक्त ८ होते आणि न घेतलेले १०. अभ्यास मुलग्यांवर झालेले. कार्यक्रम तयार करणारे आणि त्याची परीक्षा घेणारे तेच लोक. एवढ्या छोट्या गटावरून '२१ टक्के फरक पडतोच' असं छातीठोकपणे सांगणं बरोबर होणार नाही. पण वेगवेगळ्या हंगामांत, वेगवेगळ्या मोजपट्ट्यांनी उत्तर एकाच दिशेला गेलं, म्हणून त्या दिशेवर माझा विश्वास बसतो.

दुसरी फेरी: बास्केटबॉल

नव्या शतकात या कामाने वेगळं वळण घेतलं. दरम्यान जॉन निकोल्स, कॅरोल एम्स यांच्यासारख्या शिक्षणाच्या मानसशास्त्रज्ञांनी एक उपयोगी भेद मांडला होता. काही ठिकाणी 'कालच्यापेक्षा आज मला काय जास्त येतं' हे माप असतं, तर काही ठिकाणी 'माझ्यापुढे कोण आहे आणि मागे कोण' हे माप असतं. दुसऱ्या प्रकारच्या वातावरणात चूक झाली की मुलाची किंमतच कमी झाल्यासारखी होते, आणि मग चूक लपवणं, अवघड चेंडूच्या वाटेला न जाणं सुरू होतं.

स्मिथ, स्मोल आणि शॉन कमिंग यांनी जुना कार्यक्रम या विचाराभोवती नव्याने बांधला आणि सत्र ७५ मिनिटांवर आणलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बास्केटबॉलचे ३७ प्रशिक्षक होते, त्यांतल्या २० जणांना प्रशिक्षण मिळालं. खेळाडू २१६, या वेळी मुलगे आणि मुली दोन्ही. धास्ती मोजताना तिचे तीन भाग वेगळे पाहिले: छाती धडधडणं, पोटात गोळा येणं यांसारखी शरीराची लक्षणं, मनातली काळजी आणि लक्ष विचलित होणं. प्रशिक्षित गटात हंगाम पुढे सरकला तशी तिन्ही कमी झाली. दुसऱ्या गटात धास्ती वाढत गेली. म्हणजे काहीच केलं नाही तर मूल हळूहळू 'सरावेल' ही आपली समजूत इथे तरी खरी ठरली नाही.

आई-वडिलांचं काय

पालकांना गुन्हेगार ठरवणं या मंडळींनी टाळलं, आणि मला ते फार पटतं. पालक चिडतात, ओरडतात याच्यामागे बहुतेक वेळा प्रेम आणि काळजी असते. पण एक सापळाही असतो. मुलाच्या यशावर आपली स्वतःची किंमत ठरवायला लागलेला पालक त्यात अडकतो. एरवी मूल आई-वडिलांवर अवलंबून असतं, इथे ते उलटं होतं. मुलाच्या चेंडूफळीवर बापाचा आठवडा चांगला की वाईट हे ठरतं आणि मुलाला ते ओझं कळतं.

त्यांचा उपाय हंगामाआधीच्या पालकसभेपासून सुरू होतो. प्रशिक्षकाने पहिला सामना होण्याआधी सगळ्या पालकांना बोलवायचं. मी मुलांना काय शिकवणार आहे, जिंकण्याबद्दल माझं मत काय, कुणाला किती खेळायला मिळेल, काही अडचण आली तर माझ्याशी कधी आणि कसं बोलायचं, हे तिथे सांगायचं. सामना चालू असताना कडेवरून सूचना देऊ नका, कारण मूल एकाच वेळी दोघांचं ऐकू शकत नाही, हेही तिथेच, कुणाचा राग चढलेला नसताना सांगायचं. भांडण झाल्यावर सांगितलेली हीच गोष्ट अपमान वाटते. पालकांकडून ज्या गोष्टींची अपेक्षा ठेवली जाते त्यातली सर्वांत कठीण अशी: मैदानावर असेपर्यंत आपलं मूल प्रशिक्षकाच्या स्वाधीन करायचं, आणि मुलाला दुसऱ्या मोठ्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला तर ते सोसायचं.

नंतर पालकांसाठीही तसंच छोटं सत्र तयार झालं आणि प्रशिक्षक व पालक दोघांनाही एकाच हंगामात शिकवून पाहिलं गेलं. तिथेही मुलांची धास्ती घटली. दोन्हीकडून एकच भाषा ऐकू येणं यात महत्त्वाचं असावं. प्रशिक्षक 'चांगला प्रयत्न' म्हणतो आणि घरी जाताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला बाबा विचारतात, "तो सोपा झेल कसा सोडलास रे?" तर मूल त्या दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवेल हे आपण जाणतोच.

आपल्या मैदानावर आणायचं तर

सिएटलचं जसंच्या तसं उचलून चालणार नाही. तिथले प्रशिक्षक स्वयंसेवक होते. आपल्याकडच्या अकादम्यांत पालक फी भरतात आणि निकालाचा तगादा लावतात. जिल्ह्याच्या निवड चाचण्या, दहावी-बारावीचे क्रीडा गुण, पुढे खेळाडू कोट्यातली नोकरी, यांमुळे निकालाला खरीखुरी किंमत आहे. 'प्रयत्न हेच यश' हे वाक्य अशा पालकाला हवेतलं वाटलं तर त्याला दोष देता येणार नाही. आपल्याकडे 'सर' हे नातंही वेगळं. सरांचा धाक हा शिकवण्याचा भाग मानला जातो, आणि कितीतरी मोठे खेळाडू आपल्या कडक सरांबद्दल कृतज्ञतेने बोलतात. त्यांची कृतज्ञता खरी आहे. पण ती टिकून राहिलेल्यांची आहे. जी मुलं दुसऱ्या वर्षी मैदानावर आलीच नाहीत, त्यांचं म्हणणं आपल्या कानावर कधी येत नाही. १९९२चा अभ्यास मला म्हणूनच मोलाचा वाटतो, कारण न आलेल्यांची त्यात मोजदाद आहे.

कडकपणाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या कार्यक्रमाने मेहनत कमी करायला कुठेच सांगितलेलं नाही. सराव तेवढाच, अपेक्षा तेवढ्याच. फरक चुकीनंतरच्या दोन सेकंदांत आहे. शंभर वेळा तोच फटका मारायला लावणारे सर आणि मुलाला टाकून बोलणारे सर, या दोन गोष्टी आपण एकाच 'कडक' शब्दात घालतो, आणि सगळी गफलत तिथून सुरू होते.

सुरुवात करायला फार पैसा लागणार नाही. एका तालुक्यातल्या काही शाळांचे क्रीडाशिक्षक, खो-खोचे किंवा क्रिकेटचे, उन्हाळी शिबिराआधी एका दुपारी एकत्र बसवावेत. ते सत्र एखाद्या मानसशास्त्रज्ञाने घ्यावं, आणि त्याने त्याआधी निदान काही सराव मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलेले असावेत. प्रत्येकाच्या खिशात तो स्वतः भरायचा छोटा कागद द्यावा. तेवढ्याच दुसऱ्या शाळांत काहीही करू नये. मुलांशी बोलायला सरांऐवजी बाहेरचं कुणीतरी जावं, नाहीतर मुलं सरांना आवडेल तेच सांगतील. आणि पुढच्या जूनमध्ये, दोन्हीकडच्या हजेरीपटांवर, गेल्या वर्षीची किती नावं पुन्हा आली ते मोजावं.